शेवटच्या कडव्यातलं नाव

बाबाजी भुवडच्या अंगाचा तिळपापड व्हायला तसं फार काही लागत नसे. लेबर कॅम्पातल्या डाळीत पाणी जास्त झालं, बस दहा मिनिटं उशिरा आली, कुणी त्याच्या बादलीला हात लावला, की झालं. पण शहाण्णव सालच्या त्या शुक्रवारी बर दुबईत नूरुद्दीनच्या दुकानात तो जो भडकला, त्याला कारण होतं आणि ते चांगलं मजबूत होतं.

नूरुद्दीन रत्नागिरीचा. मीना बाझारच्या मागच्या गल्लीत त्याचं कॅसेटचं दुकान. अल क्वोजच्या कॅम्पातली कोकणातली पोरं शुक्रवारी बस पकडून तिथे यायची, विकत काही न घेता तासभर गाणी ऐकायची आणि नूरुद्दीन कुणाला हाकलायचा नाही. त्या दिवशी बाबाजी पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून गाणं आलं.

'विमान गेलं कौलांवरनं, भांडं पडलं हातचं,
कधी येणार घरधनी माझा, काय खरं त्या वाटचं...'

बाबाजी जागच्या जागी उभा राहिला. हे गाणं त्याचं होतं. शब्द न् शब्द त्याचा, चाल त्याची, 'वाटचं' म्हणताना जो हेलकावा घ्यायचा तोही त्याचा. वर ढोलकी, बेंजो, चार पोरींचा कोरस, सगळा थाट. आधी त्याची छाती फुगली, खोटं कशाला बोला. मग शेवटचं कडवं आलं आणि त्यात ठणठणीत आवाजात, 'शाहीर सतीश सांगे सभेला...'

"बंद कर!" बाबाजी इतक्या जोरात ओरडला की शेजारचा कापडवाला बाहेर आला. "कोण रे हा सतीश? माझं गाणं चोरलान! दिवसाढवळ्या चोरलान!"

नूरुद्दीनने कॅसेट त्याच्या हातात दिली. मुंबईचा माल, झोकदार फोटो, गळ्यात सोन्याची चेन घातलेला सतीश मेस्त्री. किंमत आठ दिराम, म्हणजे आपले शहात्तर रुपये.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर म्हणेल, एका गाण्यासाठी इतका थयथयाट? त्याला जाखडी काय ते ठाऊक नसतं. पायात घुंगरू बांधून पोरं गोल नाचतात, मधे शाहीर बसून गातो, समोर दुसऱ्या गावचा शाहीर बसतो आणि गाण्याला गाण्याने जाब विचारतो. तिथे कागद नाही, शिक्का नाही. शिक्का एकच. शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो. ते नाव म्हणजे सातबारा. आणि ज्या गाण्यात नाव नाही ते बेवारशी, त्यात कुणीही आपलं नाव घालावं, पंचांनी चकार शब्द काढायचा नाही. हा नियम बाबाजी स्वतः बारा वर्षांचा असल्यापासून पाळत आलेला. लांज्याजवळच्या कोंडवण्याचा हा गडी, चौथीत शाळा सुटली, अक्षराशी वैर. गाणी सगळी डोक्यात. बापाच्या मागे जाखडीत उभा राहिला, विसाव्या वर्षी शाहीर झाला, तीन तालुक्यांत समोरच्याला निरुत्तर करून आला. आणि मग एकोणनव्वद साली पोटामागे दुबईला आला आणि स्टील फिक्सर झाला.

विसाव्या मजल्यावर लोखंडाच्या कांबी तारेने बांधायच्या. पक्कड फिरवायची, तार तोडायची, पुढची गाठ. दिवसाला हजार-बाराशे गाठी. माणूस वेडा होईल. बाबाजी झाला नाही, कारण प्रत्येक गाठीला तो एक शब्द बांधत होता. तारेच्या कटकट ठेक्यावर त्याने पाच-सहा वर्षांत चाळीसेक गाणी रचली. कॅम्पातली पोरं घरी चिठ्ठी लिहिताना त्याच्या ओळी घालायची. किसन नावाचा त्याचा रूममेट सांगायचा, "बाबाजीचं गाणं पाठवलं की माझी बायको पंधरा दिवस भांडत नाय." हीच त्याची कमाई, हेच नाव. आणि ते नाव कुणा चेनवाल्याने अलगद उचललं होतं.

पण गाणं मुंबईला पोचलं कसं? हे विचारल्यावर बाबाजीचा राग दुसऱ्या दिशेला फिरला, म्हणजे गावाकडे.

त्र्याण्णव साली, बरोबर याच दुकानात, नूरुद्दीनच्या टेपवर बाबाजीने बायकोला कॅसेट भरून पाठवली होती. तेव्हा सगळेच पाठवत. कावेरीला कॅसेट मिळाली, ऐकली. मग गावच्या जाखडीवाल्या पोरांनी ती मागून नेली, गाणं बसवलं, मुंबईत गणपतीच्या कार्यक्रमात म्हटलं आणि तिथून सतीशने ते उचललं. एवढं बाबाजीने गावी फोन करून करून काढलं.

"पण पोरांनी शेवटचं कडवं का नाय म्हटलं?" तो फोनवर किंचाळला. पलीकडून पुतण्या म्हणाला, "काका, कडवं कॅसेटमध्ये नव्हतंच."

"नव्हतं म्हणजे? मी गायलंय! माझ्या तोंडाने गायलंय!"

दिराम संपले, फोन कट झाला.

पुढे वर्षभर अल क्वोजमध्ये दुसरा विषय नाही. साइटवर, बसमध्ये, मेसमध्ये, बाबाजी आणि त्याचं चोरलेलं गाणं. सुरुवातीला लोक हळहळले. मग माना डोलावू लागले. मग तो आला की कामं आठवू लागली. आणि ते गाणं मेलं इतकं गाजलं की मलबारी ड्रायव्हरसुद्धा गुणगुणायचा. दरवेळी बाबाजीच्या तळपायाची आग मस्तकात.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये तिथल्या एका मराठी मंडळाने पत्रक काढलं. शुक्रवारी संध्याकाळी, शाळेच्या हॉलमध्ये, मुंबईचे लोकप्रिय शाहीर सतीश मेस्त्री. बाबाजीने पत्रक किसनकडून वाचून घेतलं आणि तडक मंडळाच्या सेक्रेटरीचं ऑफिस गाठलं. चारुदत्त नाव त्याचं. टाय, मोबाइल, टेबलावर फॅमिली फोटो.

"तो गायला उभा राहिला की मी स्टेजवर चढणार आणि त्याची गचांडी धरणार," बाबाजीने आधीच सांगून टाकलं.

"हे बघा मिस्टर भुवड, प्लीज, आवाज खाली," चारुदत्त म्हणाला. "स्पॉन्सर्स येणारेत. फॅमिलीज असतात. तुमच्याकडे प्रूफ आहे?"

"प्रूफ? अख्खा कॅम्प सांगेल!"

"सांगेल हो, पण सगळं तुमच्याच तोंडून ऐकलेलं सांगेल." माणूस टायवाला असला तरी डोकं ठिकाणावर होतं. "हे बघा, सिंपल आहे. ती जुनी कॅसेट आणा. सतीशजी शुक्रवारी सकाळी मीना बाझारला शॉपिंगला येणारच आहेत. त्यांच्यासमोर वाजवू. तुमचं गाणं निघालं, तर संध्याकाळी स्टेजवर तुमचं नाव, शेवटचं कडवं तुम्ही गायचं. मी शब्द देतो. नाही निघालं, तर खलास. हॉलच्या गेटमध्ये पाऊल टाकायचं नाही. ओके?"

"आणतो," बाबाजी म्हणाला. बघून घेतो, असंही म्हणाला, पण दाराबाहेर पडल्यावर.

कावेरीला निरोप गेला. नूरुद्दीनचा भाचा अन्वर रत्नागिरीहून येणार होता, त्याच्याकडे कॅसेट दे. बस, इतकाच निरोप. तू कशी आहेस, पोरं कशी आहेत, काही नाही. कॅसेट दे. आणि कावेरीने दिली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून, वर सुतळीची पक्की गाठ.

शुक्रवारी सकाळी दहाला नूरुद्दीनचं दुकान भरलं. नूरुद्दीन, बाबाजी, साक्षीला किसन, चारुदत्त आणि सतीश मेस्त्री. सतीश फोटोपेक्षा बुटका होता. हातात सेंटच्या पिशव्या. बाबाजीला वाटलं होतं हा नजर चुकवेल. कसला! त्याने वाकून नमस्कार केला.

"बाबाजीराव, गाणं हाताला लागलं तेव्हा त्यात नाव नव्हतं. मी विचारलं त्या पोरांना, नाव कुठाय? म्हणाली, नाहीये. आता तुम्ही शाहीर, मी शाहीर. नाव नसलेलं गाणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायचं?"

चोराच्या उलट्या बोंबा! बाबाजी दातओठ खात म्हणाला, "नूरभाई, लाव. ऐकू दे याला."

नूरुद्दीनने कॅसेट घातली आणि बोट पुढे पळवायच्या बटणावर ठेवलं. "गाणं मागून हाय. डायरेक्ट तिथेच नेतो."

"नो नो," चारुदत्त म्हणाला. "फ्रॉम द बिगिनिंग. मधे काही कटिंग नाही, हे कळायला हवं."

"पहिल्यापासून!" बाबाजीच ठासून म्हणाला. "माझ्यात काय लपवण्यासारखं नाय!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. टेप सुरू झाला आणि दुकानात चार वर्षांपूर्वीचा बाबाजी गरजला.

'कावेरी, कुणाला विचारून पडवीवर पत्रा टाकलंस? कौलं काय मेली होती? घरात पुरुष नाय म्हणून बाईने कारभार करायचा? आणि लावणीच्या दिवसांत आठ दिवस माहेरी जाऊन बसतेस? लाज वाटत नाय? मी इथे उन्हात मरतोय आणि तू तिकडे भावाच्या घरी पाय पसरून...'

सतीशने सेंटच्या पिशव्या खाली ठेवल्या. चारुदत्त मोबाइलकडे बघू लागला. बाबाजीला वाटलं, आता थांबेल. कुठला थांबतो! शेळी का विकली, पुतण्याला सायकल का दिली, भाताचं बियाणं कुणाकडून आणलं, चिठ्ठी तीन ओळींचीच का, पुन्हा पत्रा, पुन्हा माहेर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गिऱ्हाइकं दारात यायची, आतला आवाज ऐकून परत जायची. बाबाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. स्वतःचा आवाज माणसाने असा बाहेरून ऐकू नये. आपण बोलतो तेव्हा आपलं खरंच असतं. ऐकताना मात्र तो कुणीतरी दुसराच खवीस वाटतो आणि त्याचं थोबाड फोडावंसं वाटतं.

"जरा पुढे घेऊ?" चारुदत्तने हळूच विचारलं.

"नको," आता बाबाजीच म्हणाला. मान खाली, पण म्हणाला. "पहिल्यापासून म्हटलंय."

बाविसाव्या मिनिटाला टेपमधला बाबाजी खाकरला. 'आता गाणं ऐक. नवीन रचलंय.' आणि विमान गेलं कौलांवरनं. ढोलकी नाही, बेंजो नाही. नुसता आवाज आणि टेबलावर बोटांचा ठेका. सतीशने डोळे मिटले. गाणाऱ्याला गाणं कळतं, त्याला कुणी काही सांगावं लागत नाही. तीन कडवी झाली, चार झाली. पाचवं, शेवटचं.

'कोंडवण्याचा शाही—'

खट. बटण वर आलं. एक बाजू संपली.

एवढं गणित चौथीत शाळा सुटलेल्या माणसालाही येतं. अर्ध्या तासाची बाजू. बावीस मिनिटं शिव्याशाप. उरलेल्या आठांत गाणं बसलं, नाव बसलं नाही.

"नूरभाई," बाबाजीचा आवाज चिरकला. "टेप तू चालवत होतास. संपली तर सांगायचं नाय?"

नूरुद्दीनने चष्मा काढून पुसला. "बटण वर आलेलं मी बघितलं होतं, बाबाजी. पण तुझा तो अवतार! डोळे लाल, मूठ टेबलावर. सांगितलं असतं तर तू माझ्यावरच उलटला असतास. म्हटलं, जाऊ दे, नावच तर राहिलं. बायकोला काय नवऱ्याचं नाव ठाऊक नाय?"

सतीशने पुढे होऊन बाबाजीचा हात धरला. "गाणं तुमचं. वाद नाही. संध्याकाळी शेवटचं कडवं तुम्ही घ्या, तुमच्या नावाने. पुढच्या कॅसेटवरही नाव छापून आणतो."

जिंकला की बाबाजी! वर्षभर जे मागत होता ते मिळालं. किसनने पाठीवर थाप मारली. चारुदत्त सुटकेने "ग्रेट, ग्रेट" म्हणाला आणि सतीशला घेऊन निघाला. बाबाजीने हसायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात नूरुद्दीनने, पंचवीस वर्षांच्या हाताच्या सवयीने, कॅसेट उलटी करून घातली.

'अवो, ऐकताय ना?'

कावेरी होती. मागे कोंबडी ओरडत होती.

'कॅसेट मागितलीत. मला वाटलं, चार वर्षांनी का होईना, काहीतरी विचाराल. ही बाजू कोरी होती म्हणून बोलत्येय. पत्रा टाकला, कारण कौलं वादळात गेली होती आणि पोरं भिजत होती. आणि माहेरी पाय पसरायला नव्हते गेले. आई गेली होती माझी. तिचं बारावं होतं. तुम्हाला चिठ्ठी लिहिली, ती मागाहून मिळाली असेल. मिळाली ना? मग त्याच्यावर एक शब्द? चार वर्षांत एक?'

बाबाजीला चिठ्ठी आठवली. किसननेच वाचून दाखवली होती. त्या दिवशी स्लॅब भरायचा होता. उद्या बोलू म्हटलं होतं.

'आणि वर ते गाणं. सगळा गाव म्हणतो, काय गाणं लिवलान! बाईचं मन काय ओळखलान! भांडं पडलं हातचं. अवो, ते भांडं माझ्या हातातनं पडलं होतं. मीच तुम्हाला लिवलं होतं तसं. तुम्ही उचललंत, गाण्यात घातलंत आणि त्याच कॅसेटमध्ये मला बावीस मिनिटं फाडून खाल्लंत. आता म्हणे मुंबईवाल्याने तुमचं चोरलान. चोरू दे. मला त्याचा राग नाय येत. मला तुमचा येतो.'

किसन उठून बाहेर गेला. नूरुद्दीनने हात टेपकडे नेला, बाबाजीने तो धरून ठेवला.

'गौरीला आम्ही बायका फुगडीत ते गाणं म्हणतो. शेवटचं कडवं नव्हतंच, मग मी घातलं. ऐका.'

आणि तिने म्हटलं. साधा, कामाने घोगरा झालेला आवाज. मग कोंबडी, मग नुसती खरखर.

जुम्म्याची वेळ झाली होती. नूरुद्दीनने शटर अर्धं ओढलं, बाबाजी आत बसला आहे हे बघून तसंच ठेवलं आणि नमाजला गेला. परत आला तेव्हा बाबाजी तिथेच होता आणि टेपमध्ये दुसरी बाजू पुन्हा पहिल्यापासून चालू होती.

संध्याकाळी हॉल गच्च. पुढे फॅमिली, जरीच्या साड्या, पोरांचं "मम्मी, व्हेन विल इट स्टार्ट?" मागच्या रांगांत अल क्वोजची पोरं, भांग पाडून, इस्त्रीचे शर्ट घालून. अख्खा कॅम्प बाबाजीचं नाव ऐकायला आला होता. सतीशने शब्द पाळला. गाणं चौथ्या कडव्यावर आणून थांबवलं आणि माईकवर सांगितलं, "मंडळी, हे गाणं ज्या शाहिराने रचलं तो तुमच्या या दुबईत लोखंड बांधतो. शेवटचं कडवं त्याचं. या, बाबाजीराव!"

मागून शिट्ट्यांचा पाऊस पडला. बाबाजी वर चढला. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, चेहरा मात्र असा की चारुदत्तला वाटलं, हा आता खरंच गचांडी धरणार. ढोलकी सुरू झाली. बाबाजीने माईक घेतला.

"कोंडवण्याचा शाही—"

तिथेच थांबला. नेमका तिथेच. ढोलकीवाला एक आवर्तन फिरून आला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बाबाजी, यल्ला, चल की!" त्याने ढोलकीवाल्याला हाताने थांब म्हटलं. आणि नुसत्या आवाजात, बोटांनी माईकच्या दांडीवर ठेका धरून, गायला.

'गाणं रचलं वाळूत त्यानं, भोगलं इथं मी बाई,
कावेरी म्हणे, नाव घालाया जागाच उरली नाही.'

पुढच्या रांगांत काहींना ती गंमत वाटली, टाळ्या वाजल्या. मागे कुणी टाळी वाजवली नाही. तिथल्या प्रत्येकाच्या बॅगेत घरून आलेल्या चार-दोन कॅसेटी होत्या आणि आपण कुठली ऐकली, कुठली नाही, ते ज्याचं त्याला ठाऊक होतं.

सतीश गोंधळून पुढे आला. "अहो, पण तुमचं नाव?" तो कुजबुजला. "नाव राहिलं की!"

"ऐकलंस ना?" बाबाजी त्याच्यावर खेकसला आणि त्याचा आवाज माईकमधून सगळ्या हॉलभर गेला. "जागा उरली नाय."

माईक त्याच्या हातात कोंबून तो खाली उतरला.